महजर व प्राधिकार-प्रमाण

महजर व प्राधिकार-प्रमाण : नोंदीचा खरेपणा ती प्रमाणित करणाऱ्या ज्ञात व्यक्तींच्या ओळखीवर व प्रतिष्ठेवर आधारणाऱ्या दोन व्यवस्था. महजर हा मध्ययुगीन महाराष्ट्रातील गोतसभेचा निवाडापत्राचा प्रकार असून त्याचा वापर मराठी सत्तेच्या अखेरीपर्यंत (१८१८) होत राहिला. प्राधिकार-प्रमाण ही संगणकांच्या जाळ्यावरील सामायिक नोंदवही राखण्याची पद्धती असून ती २०१७ पासून या नावाने ओळखली जाऊ लागली. या दोहोंत ऐतिहासिक अनुबंध नाही. साम्य आहे ते प्रश्नाचे. जी नोंदवही कोणा एकाच्या मालकीची नाही, तीतील नोंद खरी कोणी ठरवावयाची, हा तो प्रश्न होय. ज्यांचे नाव, ठिकाण आणि पद सर्वांना ठाऊक आहे व खोटेपणा केल्यास ज्यांना काही गमवावे लागेल अशांनी ती ठरवावी, असे उत्तर दोन्ही व्यवस्थांनी दिले. या उत्तराचे गुण व दोष महजरांच्या इतिहासात दीर्घकाळ दिसून आले असल्याने नव्या पद्धतीचे स्वरूप समजून घेण्यास तो इतिहास उपयोगी पडतो.

प्रश्नाचे स्वरूप : जमीन, वतन, देणेघेणे यांबाबतचे हक्क अखेर नोंदीवर अवलंबून असतात. नोंद तीन प्रकारे बिघडू शकते : ती मुळातच खोटी लिहिली जाते, खरी असून मागाहून बदलली जाते किंवा एकाच हक्काच्या दोन परस्परविरोधी नोंदी केल्या जातात. दप्तर एकाच सत्तेच्या स्वाधीन करणे हा यावरील सोपा उपाय होय. तथापि ती सत्ताच बदलली वा पक्षपाती झाली, तर नोंदीचा आधार सुटतो. परभणी जिल्ह्याच्या इतिहासात हा अनुभव वारंवार आला. या जिल्ह्यातील पाथरी हे जुने ठाणे. बहमनी सत्तेनंतर ते वऱ्हाडच्या इमादशाहीकडे, तेथून अहमदनगरच्या निजामशाहीकडे आणि पुढे मोगलांकडे गेले. आईन-इ-अकबरीत पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. १७२४ नंतर हा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या अंमलाखाली आला व त्यावर मराठ्यांच्या चौथाईचेही हक्क होते. सत्ता अशा बदलत असता गावचा पाटील, कुलकर्णी, परगण्याचा देशमुख, देशपांडे व गावचे बलुतेदार बहुधा त्याच घराण्यांतील राहिले. हक्कांची स्मृती साहजिकच त्यांच्यापाशी टिकली.

वतन ही ओळख किती बळकट होती, याचे पाथरी हेच एक बोलके उदाहरण आहे. फिरिश्ता या इतिहासकाराच्या कथनानुसार निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी ब्राह्मण होते. अहमदनगरचा पहिला बुरहान निजामशाह याने या नात्याने पाथरी आपणास मिळावी व तिच्या मोबदल्यात दुसरा मुलूख घ्यावा, असे इमादशाहीस सुचविले. ते नाकारले गेल्यावर १५१८ मध्ये त्याने पाथरी जिंकून घेतली. ती पुन्हा हातची गेली आणि १५२७ मध्ये त्याने ती परत मिळविली. पुढे हे गाव त्याने आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिले, असेही फिरिश्ता सांगतो. धर्म बदललेल्या आणि तख्तावर बसलेल्या घराण्यालाही मूळ गावच्या वतनाची ओढ राहिली, एवढे यावरून दिसते. त्याचबरोबर ज्या वादात एक पक्ष स्वतः सुलतान असे, तेथे निवाडा गोताने न होता सैन्याने होई, ही या व्यवस्थेची पहिली मर्यादाही त्यातून स्पष्ट होते.

गोत व दिवाण : स्थानिक वादाचा निर्णय करणाऱ्या सभेस मजलस म्हणत. तीत दोन घटक असत. दिवाण म्हणजे सरकारी अधिकारी व गोत म्हणजे स्थानिक वतनदारांचा समुदाय. गावच्या गोतात पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, चौगुला, मिरासदार कुणबी व बलुतेदार, तर परगण्याच्या गोतात देशमुख, देशपांडे आणि आसपासच्या गावांचे पाटील-कुलकर्णी बसत. धर्मशास्त्राचा प्रश्न निघाल्यास तो ब्रह्मसभेकडे जाई. गोदाकाठी असलेल्या पैठणच्या ब्रह्मसभेचा या बाबतीत दूरवर लौकिक होता. गोतातील माणूस गोतात बसे तो सरकारी नेमणुकीमुळे नव्हे, तर वतनामुळे. त्याचे घर, शेत, सोयरसंबंध आणि मानपान त्याच गावात असल्याने तो कोण हे कोणास विचारावे लागत नसे.

महजर हा शब्द अरबी असून हजर, हाजिर या शब्दांशी त्याचे मूळ एकच आहे. उपस्थितांच्या समक्ष झालेला लेख, हा त्याचा मूळ भाव. महजराच्या आरंभी कालनिर्देश व हजर असलेल्यांची नावे हुद्द्यांसह लिहीत. पुढे वादी-प्रतिवादींची कथने, पुरावा व निर्णय येई. लिहिता येणारे आपल्या हाताने नाव घालीत. इतरांच्या नावापुढे व्यवसायाची निशाणी काढीत. पाटलाची व कुणब्याची निशाणी नांगर, शेट्याची तराजू, न्हाव्याची आरसा अशी असे. अधिकारी व देशमुख-देशपांडे आपले शिक्के उठवीत. मजकूर संपल्याचे दर्शविणारी मोर्तबाची मुद्रा शेवटी असे, त्यामुळे खाली नवी ओळ घालता येत नसे. लांब लेखासाठी कागद जोडावा लागल्यास जोडावर शिक्का उठविण्याची रीत होती. मधला एखादा ताव काढून दुसरा घालावयाचा, तर शिक्का तुटल्यावाचून ते करता येत नसे.

निवाड्याची पद्धती : प्रथम दोन्ही पक्ष निर्णय मान्य करण्याचा राजीनामा लिहून देत व जामीन देत. येथे राजीनामा याचा अर्थ संमतिपत्र असा आहे. त्यानंतर प्रत्येकाची तकरीर म्हणजे लेखी कैफियत घेतली जाई. वतनाची पूर्वपीठिका करिन्यातून मांडली जाई. जुनी कागदपत्रे, भोगवटा आणि शेजाऱ्यांची साक्ष हे मुख्य पुरावे होत. गावच्या सीमेच्या वादात महाराच्या साक्षीला विशेष वजन असे, कारण सीमेची माहिती राखणे हे त्याच्या वतनाचेच काम होते. मानवी पुराव्याने निर्णय न झाल्यास दिव्याचा अवलंब केला जाई. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा रवादिव्य हा त्याचा परिचित प्रकार होता.

स्थानिक गोत एका पक्षाच्या नात्यागोत्याचे आहे असा संशय असल्यास वाद दुसऱ्या ठिकाणच्या गोताकडे नेण्याची मागणी करता येई. अशा ठिकाणास थळ म्हणत. साक्षीदारांची संख्या कितीही असली, तरी ते एकाच घरचे असतील तर त्यांची साक्ष एकाच माणसाची ठरते, हे तत्त्व त्यामागे होते. निर्णयानंतर जिंकणाऱ्यास जयपत्र मिळे व हरणाऱ्याकडून येजितखत म्हणजे पराभव मान्य केल्याचा लेख घेतला जाई. त्यामुळे तोच दावा पुन्हा उभा करणे कठीण होई. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारात घेतली जाई. सनदापत्रांच्या अखेरीस पत्राची तालीक म्हणजे नक्कल दप्तरात ठेवून असल पत्र हक्कदारास परत द्यावे, अशी आज्ञा सामान्यतः असे. अशा रीतीने एका हक्काची नोंद सरकारी दप्तर, देशमुख-देशपांडे व प्रत्यक्ष धारक यांच्याकडे स्वतंत्रपणे राही. एक प्रत जळाली वा बदलली गेली, तरी इतर प्रतींशी ताडून पाहता येई.

बळ व मर्यादा : महजरांचे बळ साक्ष देणाऱ्याच्या स्थैर्यात होते. खोटी साक्ष देणाऱ्याला गोतात तोंड दाखविता येत नसे व वतनाची प्रतिष्ठा पिढ्यान्‌पिढ्या कलंकित होई. आज ज्यास ठेव किंवा तारण म्हणतात, ते येथे नावलौकिकाच्या रूपाने ठेवलेले होते. राज्यकर्त्यांनाही या व्यवस्थेची गरज होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे वाटेकरी मानून त्यांना तोडूही नये व मोकळेही सोडू नये, असे धोरण सांगितले आहे.

मर्यादाही तितक्याच ठळक होत्या. गोतात बसण्याचा हक्क जन्माने मिळे. उपरी कुळाला, म्हणजे गावात मिरास नसलेल्या शेतकऱ्याला, सामान्यतः तेथे स्थान नसे. ज्या महाराच्या शब्दावर गावची सीमा ठरे, त्याचे नाव महजरावर येई, पण सामाजिक व्यवहारात तो गावाबाहेरच राही. नोंदीच्या खरेपणाला आवश्यक असणारा माणूस नोंदीच्या लाभात समान वाटेकरी असतोच असे नाही, हा या इतिहासातील गंभीर धडा होय. अयोग्य ठरलेल्या प्रमाणकास काढून टाकण्याचा सोपा मार्गही नव्हता, कारण वतन वंशपरंपरागत असे. वतनासाठी भाऊबंदांत पिढ्यान्‌पिढ्या वैर चाले, खोटे कागद तयार केले जात व प्रसंगी रक्तपातही होई. वि. का. राजवाडे यांनी संपादिलेल्या मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेत आणि भारत इतिहास संशोधक मंडळाच्या (स्थापना १९१०) प्रकाशनांत अशा वादांची शेकडो पत्रे उपलब्ध आहेत. वि. त्र्यं. गुणे यांनी महजरांच्या आधारे मराठ्यांच्या न्यायपद्धतीचा जो अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातून या संस्थेचे चित्र प्रथमच सुसंगतपणे पुढे आले.

ऱ्हास : पेशवाईच्या अस्तानंतर मौंट स्ट्युअर्ट एल्‌फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतींची दिरंगाई, सभासदांवर सक्तीचा अभाव आणि लाचलुचपत हे दोष दाखविले. तरीही लोकांचा त्यांवरील विश्वास लक्षात घेऊन त्या टिकवाव्यात असे मत त्याने मांडले. प्रत्यक्षात १८२७ च्या मुंबई नियमसंहितेनंतर नियमित न्यायालयांनी त्यांची जागा घेतली. परभणीचा प्रदेश ब्रिटिश अंमलाबाहेर होता. तेथे हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगाच्या जिल्हाबंदीनंतर (१८६५) महसुलाचे व नोंदीचे काम देशमुख-देशपांड्यांकडून पगारी अधिकाऱ्यांकडे गेले व पूर्वीच्या वतनदारांना रोख रुसूम उरला. संस्थानातील जहागिरी १९४९ मध्ये आणि महाराष्ट्रातील मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. जन्माने लाभणाऱ्या प्रमाणकत्वाचा त्यामुळे शेवट झाला व नोंद खरी ठरविण्याचे काम शासनाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार (१९६६) जमिनीच्या हक्कातील बदल तलाठी (२०२४ पासूनचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवहीत लिहितो, त्याची प्रत चावडीवर लावली जाते, संबंधितांना कळवून हरकती मागविल्या जातात आणि मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. चावडीवर प्रत लावण्याच्या या तरतुदीत सर्वांसमक्ष नोंद करण्याचे जुने तत्त्व शिल्लक आहे.

संगणकीय सामायिक नोंदवही : विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न संगणकशास्त्रात वेगळ्या रूपाने उपस्थित झाला. दूरदूरच्या यंत्रांपैकी काही बिघडलेली वा फितूर असता उरलेल्यांनी एकमताला कसे यावे, याचे विवेचन लॅम्पोर्ट, शोस्टाक व पीझ यांनी १९८२ मध्ये बायझंटिन सेनापतींच्या रूपकाने केले. फितुरांची संख्या एक असल्यास एकूण किमान चार आणि तीन असल्यास किमान दहा सहभागी लागतात, हा त्यातील प्रसिद्ध निष्कर्ष होय. १९९१ मध्ये हेबर व स्टॉर्नेटा यांनी कागदपत्रांवर काळाची मोहोर उठविण्याची साखळीपद्धती सुचविली. तीत प्रत्येक नोंदीपासून गणिताने एक आखूड अंकमुद्रा काढतात व ती पुढील नोंदीत गुंफतात. मागची एक नोंद बदलली की पुढच्या सर्व अंकमुद्रा विसंगत ठरतात. कागदाच्या जोडावरील शिक्क्याचे काम येथे गणित करते.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखातून व जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइन जाळ्यातून ब्लॉकचेन म्हणजे नोंदखंडांची साखळी प्रत्यक्षात आली. तेथे नोंद करणारा कोण हे कोणालाच ठाऊक नसते. त्याने प्रचंड आकडेमोड केल्याचा पुरावा दिला की त्याचा खंड स्वीकारला जातो. यास कार्य-प्रमाण म्हणतात. ओळखीची जागा येथे वीज व यंत्रे यांच्या खर्चाने घेतली. दुसऱ्या पद्धतीत नोंद करणारा आपले चलन तारण ठेवतो व लबाडी केल्यास ते गमावतो. यास ठेव-प्रमाण म्हणतात. ईथिरियम हे जाळे २०१५ मध्ये कार्य-प्रमाणावर सुरू झाले व सप्टेंबर २०२२ मध्ये ठेव-प्रमाणाकडे वळले.

प्राधिकार-प्रमाणाचा उदय : ईथिरियमचे रॉप्स्टेन हे चाचणीजाळे २०१७ च्या आरंभी हल्ल्यामुळे निकामी झाले. चाचणीजाळ्यातील चलनाला मोल नसल्याने तेथे प्रामाणिक आकडेमोड करणारे थोडे होते व खोडसाळ माणसास ते जाळे स्वस्तात भरून टाकता आले. यावर उपाय म्हणून मार्च २०१७ मध्ये कोव्हान व त्यानंतर एप्रिलमध्ये रिंकेबी ही चाचणीजाळी सुरू झाली. त्यांत खंड लिहिण्याचा अधिकार ठरावीक, ज्ञात प्रमाणकांनाच होता. ईथिरियमचे एक संस्थापक गॅव्हिन वुड यांनी या पद्धतीस दिलेले प्राधिकार-प्रमाण या अर्थाचे नाव पुढे रूढ झाले.

कार्यपद्धती : प्रत्येक प्रमाणकापाशी एक गुप्त किल्ली असते व तिच्या जोडीची प्रकट किल्ली सर्वांना माहीत असते. गुप्त किल्लीने केलेली स्वाक्षरी प्रकट किल्लीने कोणासही पडताळता येते. प्रमाणक पाळीपाळीने आलेले व्यवहार तपासून खंड रचतात व त्यावर स्वाक्षरी करतात. व्यवहार पाठविणे व नोंदवही वाचणे सर्वांना खुले असते. लिहिण्याचा अधिकार तेवढा मर्यादित असतो, म्हणूनच अशा जाळ्यास सार्वजनिक म्हणता येते. एकाच प्रमाणकाने साखळी बळकावू नये म्हणून बंधने असतात. रिंकेबीत वापरलेल्या क्लीक या नियमावलीत प्रमाणकांची संख्या २१ असल्यास कोणत्याही सलग ११ खंडांपैकी एकाच खंडावर एका प्रमाणकाला स्वाक्षरी करता येते. निम्म्याहून अधिक प्रमाणक प्रामाणिक असेतोवर खोटी साखळी खऱ्या साखळीच्या पुढे जाऊ शकत नाही. आकडेमोडीची शर्यत नसल्याने वीज अत्यल्प लागते व नोंद काही सेकंदांत होते.

शासनव्यवस्था : अशा जाळ्याची सुरक्षितता व त्याचा कारभार या दोन वेगळ्या बाबी नाहीत. प्रमाणक कोण असावेत हे ठरविणे म्हणजेच जाळे सुरक्षित करणे होय. क्लीकमध्ये नवा प्रमाणक घेणे वा जुना काढणे हे विद्यमान प्रमाणकांच्या बहुमताने होते आणि ही मते खंडांतच नोंदली जात असल्याने ती सर्वांना दिसतात. २१ पैकी ११ मते पडताच निर्णय अंमलात येतो. गोतसभेला जे कधी साधले नाही, ते म्हणजे अपात्र सभासदाचे नियमबद्ध निष्कासन, या व्यवस्थेत अंगभूत आहे.

ओळखीचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे हाताळला तो पीओए नेटवर्क या सार्वजनिक जाळ्याने. हे जाळे डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. त्याचे प्रमाणक अमेरिकेतील परवानाधारक नोटरी होते. नोटरीचा परवाना राज्यशासनाच्या उघड नोंदीत तपासता येतो, हे त्यामागील कारण होय. पत्ता खरा असल्याची खात्री टपालाने पाठविलेल्या पत्रावरील सांकेतिक अंकाने करून घेतली जाई. प्रत्येक प्रमाणकास खंड लिहिण्याची, मोबदला घेण्याची व मतदानाची अशा तीन वेगळ्या किल्ल्या दिलेल्या होत्या. एक किल्ली चोरीस गेली तरी उरलेले अधिकार सुरक्षित राहावेत, ही त्यामागील दृष्टी होती. भारतातही नोटरी अधिनियमाखाली (१९५२) नेमलेल्या नोटरीचे पद कागदाच्या खरेपणाची ओळखीवर आधारित हमी देते. हे जाळे २०२२ मध्ये नोसिस साखळीत विलीन झाले. त्याच्यापाठोपाठ २०१८ मध्ये सुरू झालेल्या व्हीचेन या जाळ्याने १०१ प्रमाणकांची योजना अवलंबिली होती.

दोष : या पद्धतीचे मर्मस्थान कोठे आहे, हे मार्च २०२२ मध्ये रोनिन या जाळ्यावर झालेल्या चोरीतून दिसून आले. रोनिनवर नऊ प्रमाणक होते व रक्कम बाहेर काढण्यास पाच स्वाक्षऱ्या पुरेशा होत्या. त्यांपैकी चार किल्ल्या स्काय मेव्हिस या एकाच कंपनीकडे होत्या. पाचव्या प्रमाणकाने नोव्हेंबर २०२१ मध्ये कामाच्या गर्दीमुळे आपल्या वतीने सही करण्याची मुभा त्याच कंपनीला दिली होती. काम डिसेंबरात संपले, तरी ती मुभा काढून घेण्यात आली नाही. कंपनीच्या यंत्रणेत शिरलेल्या चोरांच्या हाती त्यामुळे पाचही स्वाक्षऱ्या आल्या व १,७३,६०० ईथर आणि २.५५ कोटी यूएसडीसी एवढे चलन त्यांनी काढून नेले. सहा दिवसांनंतर एका ग्राहकाला आपली रक्कम काढता येईना, तेव्हा चोरी उघडकीस आली. गणितातील कोणताही नियम येथे मोडला गेला नव्हता. कागदावर नऊ असलेले प्रमाणक प्रत्यक्षात स्वतंत्र नव्हते, हा खरा दोष होता. थळ बदलून मागण्याची जुनी प्रथा याच धोक्यावरचा उपाय होती.

दुसरा दोष २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविला गेला. जाळ्याचे दोन तुकडे पडले असता एखाद्या फितूर प्रमाणकाने आपल्या किल्लीची नक्कल करून दोन्ही तुकड्यांत एकाच वेळी सह्या केल्या, तर दोन परस्परविरोधी साखळ्या वाढू शकतात व तेच चलन दोनदा खर्च होऊ शकते. याखेरीज ज्ञात प्रमाणकांवर शासन, गुन्हेगार वा धनको दबाव आणू शकतात आणि त्यांनी संगनमताने एखाद्याची नोंद घेण्याचेच नाकारले, तर त्याला दुसरा मार्ग उरत नाही. उपरी कुळाची जुनी अडचण येथे नव्या रूपात संभवते.

भारतातील व महाराष्ट्रातील उपयोग : व्यक्ती व तिची किल्ली यांची सांगड घालण्याची कायदेशीर व्यवस्था भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने (२०००) केली. परवानाप्राप्त प्रमाणन संस्था अर्जदाराची ओळख पटवून त्यास डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र देतात. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा देण्यास आरंभ झाला. त्यामागे ब्लॉकचेन नाही, पण उतारा खरा असल्याची हमी ज्ञात अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने मिळते, एवढा भाग समान आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये सु. ६५,००० जातप्रमाणपत्रांच्या अंकमुद्रा पॉलिगॉन या सार्वजनिक साखळीवर नोंदविण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. ही साखळी ठेव-प्रमाणावर चालते. त्यामुळे प्रमाणपत्र मागाहून बदललेले नाही याची हमी तारण ठेवणारे अनोळखी प्रमाणक देतात, तर अर्जदार त्या जातीचा आहे याची हमी मात्र सही करणारा अधिकारीच देतो. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये विश्वस्य या नावाने राष्ट्रीय ब्लॉकचेन चौकट जाहीर केली. तीत नोंदी राखणारे घटक शासनाने मान्य केलेले असल्याने तिचे स्वरूप अनोळखी जाळ्यांपेक्षा ओळखाधिष्ठित व्यवस्थेला जवळचे आहे.

मूल्यमापन : साखळीने व अंकमुद्रेने नोंदीच्या बिघाडाचे दोन प्रकार, म्हणजे मागाहूनचा बदल व दुहेरी नोंद, बव्हंशी रोखले जातात. मुळात खोटी लिहिलेली नोंद मात्र कोणतेही गणित ओळखू शकत नाही. तिच्यासाठी शेत पाहिलेला, माणूस ओळखणारा व आपल्या शब्दाला जबाबदार असणारा साक्षीदारच लागतो. ओळखीवर आधारलेली व्यवस्था टिकते ती तीन अटींवर : प्रमाणक एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र असावेत, खोटेपणाची किंमत त्यांना मोजावी लागावी आणि ज्यांच्या हक्कांची नोंद होते त्यांना प्रमाणकांच्या निवडीत व निष्कासनात काही वाटा असावा. गोतसभेने पहिली अट थळाच्या रूपाने काही प्रमाणात व दुसरी वतनाच्या प्रतिष्ठेमुळे बऱ्याच प्रमाणात पाळली. तिसरी तिला पाळता आली नाही. नव्या जाळ्यांत निष्कासनाचा नियम आला, परंतु मत प्रमाणकांचेच राहिले. नोंदवहीच्या सामान्य वापरकर्त्यास ते मत कोणत्या मार्गाने मिळावे, हा प्रश्न प्राधिकार-प्रमाणाच्या पद्धतीत अद्याप सुटलेला नाही.